आजोबांच्या मागचं विमान

वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या घरातला फोटोंचा अल्बम उघडा. लग्नाचे फोटो असतात, त्यांत नवरीचा चेहरा दिसत नाही. पोळ्याचे असतात, त्यांत बैलांचे चेहरे मात्र लख्ख दिसतात. एक ग्रुप फोटो शाळेचा असतो आणि त्यात हेडमास्तरांच्या डाव्या हाताला तिसरा कोण, यावरून दोन भावांचं बोलणं बंद असतं. आणि नशीब असेल तर मधल्याच एखाद्या पानावर, काळ्या कागदाच्या कोपऱ्यांत खोचलेला असा एक फोटो निघतो, ज्यात आजोबा विमानासमोर उभे असतात.

समोर. शेजारी नव्हे. छाती पुढे, एक हात कमरेवर, नजर सरळ कॅमेऱ्यात. धोतर, कोट, काळी टोपी. धोतराचा सोगा नेमका चाकावर आलेला, कोटाने इंजिन झाकलेलं, आणि विमानाच्या अंगावर जिथे त्याची नोंदणीची अक्षरं असतात, तिथे बरोब्बर टोपी. विमान ओळखायला जे जे लागतं ते सगळं आजोबांनी स्वतःच्या अंगाने व्यापलेलं असतं. मागे उरतो तो पंखाचा एक तुकडा, थोडं आभाळ आणि एक कुत्रं. धावपट्टीवरच्या जुन्या फोटोत कुत्रं असतंच. ते मात्र पूर्ण दिसतं.

असे फोटो माझ्याकडे येतात ते माझ्या ख्यातीमुळे. अमरावतीत ख्याती व्हायला फार काही करावं लागत नाही, आणि एकदा झालेली ख्याती पुसायला काहीही करून उपयोग नसतो. कुण्या एका पंगतीत, मठ्ठा येईपर्यंतचा वेळ काढायला, मी शेजारच्याच्या मोबाइलवरच्या फोटोतलं विमान 'डकोटा' असल्याचं सांगितलं. डकोटा ओळखणं हे काही विद्वत्तेचं लक्षण नाही. दुसऱ्या महायुद्धात ती दहा हजारांवर बनली, युद्ध संपल्यावर मोडीच्या भावात निघाली आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या तिच्याच जिवावर उभ्या राहिल्या. पण पंगतीतली बातमी राजापेठेत गेली, तिथून बडनेऱ्याला, आणि "भाऊ, तुमाले इमानातलं समजते म्हन्ते," असं म्हणत माणसं दारात उभी राहू लागली. विमानातलं मला काही समजत नाही. मला फोटोतलं विमान समजतं. खऱ्या विमानात बसायची वेळ आली की मी पिशवी पोटाशी धरून सुटकेचा दरवाजा कुठे आहे ते दोनदा विचारतो.

येणारा माणूस प्रश्न घेऊन येत नाही, उत्तर घेऊन येतो. त्याला हवी असते फक्त सही. घराण्यात चालत आलेल्या कथेची सातबाऱ्यावर नोंद करून देणारा तलाठी, अशा नजरेने तो माझ्याकडे बघतो. आणि या कथांचा एक नियम आहे: विमान दर पिढीला मोठं होतं. आजोबा स्वतः नुसतं "इमान" म्हणालेले असतात. वडिलांच्या तोंडी ते "लढाईतलं विमान" होतं. नातू इंजिनिअरिंगला गेला की त्याचं "स्पिटफायर" झालेलं असतं. पणतू अजून शाळेत आहे. तो मोठा झाला की काय होईल या विचाराने मला धास्ती वाटते.

अकोल्याच्या एका घरातून असंच बोलावणं आलं. अमरावती-अकोला रस्त्यावर आता जायला मजा येते. जून २०२२ मध्ये याच रस्त्याच्या लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. त्याआधीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची नोंद कुण्या पुस्तकाने घेतली नाही, हा त्या पुस्तकाचा दोष. तर मी मूर्तिजापूरमार्गे सुखरूप पोचलो. घरमालक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊसाहेब. त्यांनी चहाच्या आधी फोटो पुढे केला, यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"आबा फायटर उडवत," भाऊसाहेब म्हणाले.

"कुठे?"

"आपल्या शिवणीले."

"कोणाशी लढायला?"

"ते काऊन विचारता? लढाई चालू होती का नाई तवा?"

लढाई चालू होती हे खरं. शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, तेही खरं. आमच्याकडे कथा कितीही उंच उडाली तरी सन-सनावळ जमिनीला धरून असते. मी खिशातून भिंग काढलं. भिंगाची गरज नव्हती, पण ते काढल्याशिवाय लोकांना तपासणी झाल्यासारखं वाटत नाही.

आबा मधोमध होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना दुमजली पंख दिसत होते, एकावर एक, मध्ये दांड्या आणि तारा. म्हणजे स्पिटफायर बाद, ते एकमजली. पंख मुळाशी सरळ नव्हते, टोकाकडे किंचित मागे झुकलेले होते. हे पुण्यकर्म डी हॅव्हिलंड कंपनीने १९३१ साली केलं. शिकाऊ विमानात पुढच्या खड्ड्यात बसणाऱ्याला पॅराशूट बांधून बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, त्याने तोल बिघडला, म्हणून मग पंखांची टोकं मागे नेली. आबांच्या उजव्या खांद्यावरून इंजिनाचं नाक डोकावत होतं आणि त्याची वरची बाजू साफ, खाली उतरती होती. याचा अर्थ सिलिंडर उलटे टांगलेले. याच्याच थोरल्या भावाचं, जिप्सी मॉथचं इंजिन सुलटं असतं, त्याची डोकी वर दिसतात. म्हणजे शंका उरली नाही.

"काळंकुट्ट हाय पाहा," भाऊसाहेब म्हणाले. "रात्री बॉम्ब टाकाले जायासाठी काळं."

इथे फोटोग्राफीचा थोडा इतिहास सांगावा लागतो. त्या काळात छोट्या गावांतल्या स्टुडिओत जी फिल्म सर्रास वापरली जाई, तिला लाल रंग दिसतच नसे आणि पिवळा कमी दिसे. तिच्यावर लाल वस्तू काळी येते, पिवळी काळपट येते आणि निळी पांढुरकी. शिकाऊ विमानं दुरून दिसावीत म्हणून पिवळी रंगवत. जुन्या फोटोतल्या काळ्या विमानाचा धसका घेण्याआधी ते हळदीच्या रंगाचं नव्हतं ना, हे पाहावं लागतं. हाच नियम मी कधीकधी फोटोतल्या शालूंनाही लावतो आणि त्यावरून घरच्या बायकांशी वाद होतात, पण तो विषय वेगळा.

"हे टायगर मॉथ आहे," मी म्हणालो.

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी फक्त 'टायगर' ऐकलं. मेळघाट हाकेच्या अंतरावर, तिथला व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघ म्हटलं की वऱ्हाडी माणसाला तो आपल्या घरचाच वाटतो. आत जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं. बाहेर आले तेव्हा मात्र कपाळावर आठी होती.

"अन् मॉथ म्हंजे?"

"पतंग. रात्री दिव्यावर येतो तो."

"बोंडअळीचा?"

मी गप्प बसलो. जेफ्री डी हॅव्हिलंड साहेबाला कीटकशास्त्राचा नाद होता, म्हणून त्याने आपल्या विमानांना पतंगांची नावं दिली: जिप्सी मॉथ, पुस मॉथ, फॉक्स मॉथ, लेपर्ड मॉथ, हॉर्नेट मॉथ. साहेब विलायतेत होता. त्याची दहा एकर कपाशी वऱ्हाडात उभी असती आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग तिच्यावरून एकदा फिरला असता, तर त्याने विमानांना चिमण्यांची नावं दिली असती. भाऊसाहेबांच्या घरात मात्र त्या दिवसापासून आबांच्या विमानाचं नाव 'टायगर' एवढंच राहिलं.

जाता जाता मी विचारलं, आबा नोकरीला कुठे होते? तर पी.डब्ल्यू.डी.मध्ये मुकादम. शिवणीची धावपट्टी पी.डब्ल्यू.डी.नेच बांधलेली. म्हणजे विमान ज्याच्यावर उभं होतं तो मुरूम आबांनी दाबून घेतला होता आणि त्यांच्या पायाखालची जमीन फोटोत अगदी स्वच्छ दिसत होती. हे मी तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "ते ठीक हाय, पन स्पीड किती त्या टायगरचा?" कमाल वेग ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे आणि ती पाळणारे दोन भाचे मला अजून भेटायचे आहेत. पण आबांची इज्जत राखायची म्हणून मी किलोमीटरमध्येच सांगितलं आणि एकक गिळलं.

टोपीच्या बाजूने चुकून अक्षरं दिसलीच तर ती 'व्ही.टी.'ने सुरू होतात, आणि मग वेगळीच भानगड सुरू होते. बडनेऱ्याच्या एका गृहस्थांचं म्हणणं असं की ज्या अर्थी विमानावर व्ही.टी. लिहिलंय त्या अर्थी ते बोरीबंदरला उभं आहे. त्यांची हयात रेल्वेत गेलेली. त्यांना दोष देता येत नाही. दुसरे एक प्राध्यापक आहेत, ते सांगतात की व्ही.टी. म्हणजे व्हाइसरॉयची टेरिटरी, आणि गुलामीची ही खूण आपण अजून मिरवतो याबद्दल त्यांचा आवाज चढतो. खरी गोष्ट रूक्ष आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी देशादेशांत अक्षरं वाटली गेली, तेव्हा व्ही पासून सुरू होणारा गठ्ठा इंग्रजांच्या वसाहतींच्या वाट्याला आला आणि त्यातलं व्ही.टी. हिंदुस्थानला मिळालं. त्याआधी आपली विमानं 'जी-आय'ने सुरू होत. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, त्या पुस मॉथवरही व्ही.टी.-ए.डी.एन. हीच अक्षरं होती. मला या वादात रस एवढाच की जी-आय दिसलं तर फोटो फार जुना, व्ही.टी. दिसलं तर त्यानंतरचा. प्राध्यापक मला देशप्रेमात कमी समजतात.

सगळ्यांत अवघड प्रसंग येतो तो एन.सी.सी.च्या फोटोंत. काकांच्या हाफ पॅन्टला कडक इस्त्री, मागे दोन खड्ड्यांचं, काचेच्या छताचं, आटोपशीर विमान. घरचे म्हणतात, विलायती. दोन विमानांवर संशय जातो. एक डी हॅव्हिलंडचंच चिपमंक, दुसरं आपलं एच.टी.-२. पाहणाऱ्याला दोघं सख्खे भाऊ वाटावेत. डी हॅव्हिलंडच्या शेपटीला एक ठरलेली गोलाई असते, ती नसली की माझा कौल एच.टी.-२ कडे. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगलोरला बनवलेलं हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी पहिल्यांदा उडालं, आणि त्याचे आराखडे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या महागुरूंच्या हाताखाली शिकलेले. पुढे पुष्पक, कृषक, बसंत, किरण अशी विमानांची रांगच त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली.

मला वाटलं, विमान स्वदेशी, त्यात मराठी माणसाचं, ऐकून घर आनंदेल. पण काका म्हणाले, "कोल्हापूरचे का?" आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे विमानातही पश्चिम महाराष्ट्रच. आपला अनुशेष राहिलाच." त्यांनी फोटो परत घेतला. माझ्या माहितीप्रमाणे ते अजूनही लोकांना चिपमंकच सांगतात.

या सगळ्या उद्योगात मी जे विमान सर्वाधिक खात्रीने ओळखलं, त्याच्या फोटोत काहीच नव्हतं. बार्शीटाकळीकडचे एक वयोवृद्ध गुरुजी तो घेऊन आले होते. पोस्टकार्डाएवढा कागद, संपूर्ण काळा, वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. मागे शाईने '१९५०, रात्री' एवढं लिहिलेलं. फोटो त्यांच्या मोठ्या भावाने घराच्या माळवदावरून काढलेला. भावाला त्या काळात बॉक्स कॅमेरा मिळाला होता आणि तो घरातली कुठलीही गोष्ट सोडत नसे.

"हे इमान हाय," गुरुजी म्हणाले. "कोन्तं ते सांगा."

"डकोटा," मी म्हणालो. भिंगसुद्धा काढलं नाही.

गुरुजींना वाटलं, मी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे, मध्यरात्री चारही नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ज्याचं ते आपापल्या गावी परत. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. नकाशावर मुंबई आणि नागपूर पट्टीने जोडा. रेघ अकोल्याच्या किंचित दक्षिणेकडून, बार्शीटाकळीच्या बाजूनेच जाते. सुरुवातीच्या त्या वर्षांत हे काम डकोटाच करत. १९५० साली त्या माळवदावरून रात्री दुसरं कुठलं विमान दिसणार? आजोबा मध्ये उभे नसले की काम किती सोपं होतं, याचा तो उत्तम नमुना. गुरुजी म्हणाले, लहानपणी त्याच्या घरघरीवर आई अंथरुणं टाकायची; विमान उशिरा आलं की सगळं घर उशिरा झोपायचं. एवढ्या शिस्तीत चालणाऱ्या यंत्राचं नाव पुढे आमच्याकडे प्रत्येक खिळखिळ्या मोटारीला का चिकटलं, ते कळत नाही. आमच्या आळीत आजही एक स्कूटर 'डकोटा' या नावाने ओळखली जाते, आणि ती रात्री कधीच वेळेवर येत नाही.

मोबाइल आल्यापासून मात्र एक नवाच ताप सुरू झालाय. पहाटे पाच वाजता सुप्रभातासोबत फोटो येतो: 'तळपदे यांचे विमान, गिरगाव चौपाटी, १८९५. पुढे पाठवा.' शिवकर बापूजी तळपदे यांच्या त्या प्रयोगाविषयी बरंच सांगितलं जातं, २०१५ मध्ये त्यावर 'हवाईजादा' नावाचा सिनेमाही येऊन गेला. पण प्रयोगाचा म्हणून भरवसा ठेवावा असा फोटो नाही. माझ्याकडे आलेल्या फोटोतलं विमान ब्लेरिओच्या घडणीचं होतं, म्हणजे १९०९ च्या आसपासचं, आणि मागची घरं फ्रान्समधली. हे मी गटावर लिहिलं. गटातून मला काढलं नाही, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा त्या वर्षी कमी आल्या.

असं सगळं असलं तरी एका जुन्या विमानावर वऱ्हाडचा हक्क मी स्वतः सांगतो, आणि त्यासाठी मला कुणाच्या सहीची गरज वाटत नाही. ते विमान लंडनमध्ये, हेन्डनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभं आहे. नाव डी.एच.९ ए, क्रमांक एफ १०१०. पहिल्या महायुद्धात हैदराबादच्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, इंग्रजांना पैसे दिले आणि त्यांतून ११० क्रमांकाची अख्खी तुकडी या विमानांनी सजली. प्रत्येक विमानावर ही निजामांची भेट आहे असं रंगवलेलं. आता वऱ्हाड हा निजामाचाच मुलूख. १९०२ मध्ये तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिलेला आणि त्याबद्दल निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळत. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते उगीच नाही. सोनं आमचं, कुऱ्हाड इंग्रजांची आणि भाडं निजामाला. त्या २५ लाखांतला एखादा रुपया तरी त्या विमानाच्या शेपटीत गेला असणार, एवढा माझा हिशेब आहे. तो कुठल्याही न्यायालयात टिकणार नाही. पण अकोल्याच्या भाऊसाहेबांच्या फायटरपेक्षा तो बरा.

त्या विमानाने पुढे जे केलं ते तर खास वऱ्हाडी. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला महिनाभर असताना, ते जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनच्या विमानसंग्रहालयात नेलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले तसं तिथून हलवलं, ते पोलंडमध्ये जाऊन पडलं. १९७७ मध्ये इंग्रजांनी एक स्पिटफायर पोलंडला देऊन ते परत घेतलं. स्पिटफायर! ज्या विमानासाठी वऱ्हाडातली निम्मी घरं माझ्याशी भांडतात, ते देऊन इंग्रजांनी आमच्या खंडाचं विमान सोडवून आणलं. आणि आणखी एक गंमत. बर्लिनचं ते संग्रहालय १९३६ च्या उन्हाळ्यात उघडलं, आणि त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवत होती. अमरावतीकर माणसं आणि वऱ्हाडच्या खंडाचं विमान एकाच शहरात, आणि दोघांसमोर उभा राहून फोटो काढायला एकही आजोबा हजर नाही. वेळेवर कुणी कामाला येत नाही ते असं.

फवारणीच्या विमानांचे फोटो फारसे सापडत नाहीत. एके काळी कपाशीवर विमानातून फवारणी व्हायची, हे जुनी माणसं सांगतात. पण तेव्हा ज्याच्या हाती कॅमेरा असेल तो आधी घरात पळत असे, कारण औषधाच्या विमानाला वावर आणि आंगण यांतला फरक कळत नसे. दर्यापूरकडचा एक फोटो पाहिला त्यात विमान म्हणजे एक पुसट डाग आहे, आणि पुढे एक बाई वाळत घातलेली मिरची गोळा करत पळतेय. अमेरिकन पॉनी की घाटग्यांच्या वेळचं आपलं बसंत? दोन्ही एकमजली, दोन्हींत पायलट उंटावर बसल्यासारखा वर. बसंत मोजून ३९ बनली, त्यामुळे हिशेबाने पॉनीचं पारडं जड. मिरची मात्र भिवापुरी असावी.

आता बेलोऱ्याला विमान येतं. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचं ए.टी.आर. उतरलं आणि अमरावतीने अकोल्याकडे एक कटाक्ष टाकला. पन्नास वर्षांनी कुणीतरी या दिवसाचे फोटो घेऊन माझ्यासारख्या माणसाच्या दारात जाणार आहे, आणि मला त्याची आत्ताच कीव येते. आजोबांनी निदान विमानाचा पंख तरी सोडला होता. सेल्फीत विमान नसतंच. एक कपाळ असतं, दोन नाकपुड्या असतात, मागे पांढरा पत्रा असतो. ते विमान, पाण्याची टाकी किंवा सरकारी दवाखाना यांपैकी काहीही असू शकतं. फोटोवर तारीख, वार, अक्षांश, रेखांश सगळं नोंदलेलं, फक्त विमान तेवढं गायब.

संपूर्ण विमान दिसणारा, समोर एकही माणूस उभा नसलेला फोटो मी अखेर पाहिला तो परतवाड्याच्या एका घरात. फोटो बहिरमच्या यात्रेतला. सातपुड्याच्या पायथ्याशी चांदूर बाजार तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत ही यात्रा भरते, आणि हंडीतलं मटण खायला लोक कुठून कुठून येतात. जुन्या काळी तिथल्या तंबूत फोटोवाला एक विमान उभं करत असे, फळ्यांचं, रंगवलेलं, खिडक्यांच्या जागी भोकं पाडलेलं. भोकांतून आपापली डोकी काढायची. फोटोत चार डोकी होती. वैमानिकाच्या खिडकीत डोक्यावर पदर घेतलेली आजी, तिच्या मागे आजोबा, त्यामागे रडणारे मोठे काका आणि शेवटी कुणाचं तरी न ओळखू आलेलं मूल. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं होतं, त्यानंतर इतक्या आत्मविश्वासाने बसलेली स्त्री वैमानिक मी पाहिलेली नाही.

"कोन्तं इमान होय हे?" आजींनी स्वतः विचारलं. त्या नव्वदीच्या पुढे आहेत आणि कान तेवढे शाबूत.

मी भिंग काढलं. या वेळी खरोखर गरज होती. नाक कशाचंही नव्हतं. चाकं बैलबंडीची होती, आऱ्यांसकट. प्रोपेलर एक पुढे आणि एक, जागा उरली म्हणून, खाली. पण शेपटीला तीन उभे पंख होते, बरोबरीने, नीट मापात. तीन शेपट्यांचं नामांकित प्रवासी विमान म्हणजे लॉकहीडचं कॉन्स्टेलेशन; एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी लंडनला पहिली झेप घेतली ती याच जातीच्या 'मलबार प्रिन्सेस'मधून. रंगाऱ्याच्या घरात कुठलं तरी कॅलेंडर टांगलेलं असणार.

"कॉन्स्टेलेशन आहे, आजी. निदान शेपटीकडून."

"असंल," आजी म्हणाल्या. "मोठ्याले भवळ आली होती त्यात."

परतल्यावर राहवलं नाही, म्हणून अकोल्याला फोन लावला आणि भाऊसाहेबांना सगळी हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. शिवणीची धावपट्टी लांबवायची गोष्ट कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी किती काळ अडलेली आहे, ते अकोल्यातलं शेंबडं पोरही सांगतं. नियमित प्रवासी विमान तिथे अजून सुरू नाही.

"म्हंजे बहिरमले कॉन्स्टेलेशन उतरलं," भाऊसाहेब शेवटी म्हणाले, "अन् आमच्या शिवणीले काईच नाई?"

"भाऊसाहेब, ते लाकडाचं होतं."

"लाकडाचं तं लाकडाचं. आमाले चालते."